त्या वर्षीचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तशी मला बाहेर जायची घाई नसतेच. पण त्या दिवशी गॅलरीतसुद्धा जात नाही. सून म्हणते, “आई, मुलांना मारबतीची मिरवणूक दाखवायला तुम्हीच चला ना, तुमचं तर बालपण त्या पेठेत गेलं.” मी गुडघ्याचं कारण सांगते. गुडघा खरंच दुखतो, म्हणजे ते खोटं नाही. पण खरंही नाही.

आदल्या संध्याकाळी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लागतात. भिजलेल्या पळसाला एक तुरट, कोंदट वास असतो. पाऊस उणावलेला, ऊन मधूनच चटका देऊन जाणारं, भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना बुरशीची पुसट नक्षी. नागपुरातले हे दिवस ना पावसाळ्याचे ना उन्हाळ्याचे. कोणत्याच बाजूचे नसलेले. मला त्या दिवसांबद्दल काही बोलायचा अधिकार असेल तर तो एवढ्याचसाठी, की त्या वर्षी मीही तशीच होते.

आमची पेठ विणकरांची. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. माग कमी होत चालले होते, पण सकाळी जाग यायची ती अजून धोट्याच्या खटखटीनंच. उघडीप मिळाली की गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून त्याला खळ लावायचं काम चाले. तांदळाच्या खळीचा आंबूस वास अंगणात, कपड्यात, आमच्या केसांत. रस्ता ओलांडला की पलीकडचा मोहल्ला. तिथंही विणकरच, तिथंही तीच खळ, तीच खटखट. फक्त तिथं हाक अम्मीला जायची आणि इथं मायला.

या दोन वस्त्यांच्या मधल्या चौकात, कडुनिंबाखाली, दर रविवारी संध्याकाळी विमलाबाई नाटक करायची.

विमलाबाईंची गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. वडील उमरेडचे विणकर. लहानपणी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, पाहायला बापाच्या खांद्यावर बसून गेली, आणि बायकांची कामं पुरुष करतात हे पाहून घरी आल्यावर म्हणाली, “बाई तर मी आहो ना, मग मले काहून नाही घेत?” पुढे एका फिरत्या नाटक मंडळीत गेली. चौदा वर्षं गावोगाव राण्या, दासी, राक्षसिणी केल्या. मंडळी अमरावतीला मोडली, तेव्हा एक ट्रंक आणि फाटका पडदा घेऊन ती पेठेत परतली. लग्न केलं नाही. शिवणकाम करून राहायची, आणि उरलेल्या वेळात पेठेला नाटक शिकवायची. युद्धाच्या दिवसांत शहरभर वीरश्रीची नाटकं चालली होती, तेव्हा तिनं दोन बाजूंच्या दोन आयांचं नाटक बसवलं. दोघी एकाच विहिरीवर बसून आपापल्या मुलाच्या पत्राची वाट पाहतात, एवढंच. ज्यांनी हॉल देऊ केला होता त्यांनी आयत्या वेळी कुलूप लावलं. विमलाबाईंनी ते नाटक चौकात केलं. चौकातली नाटकं सुरू झाली ती अशी.

तिची एक रीत होती. इकडच्यांनी तिकडच्यांची कामं करायची आणि तिकडच्यांनी इकडच्यांची. रहमानचाचा म्हणून पलीकडचे एक वयस्क विणकर होते, ते देवळातला पुजारी करायचे. शेंडी नीट बसली आहे ना, हे ते तीनतीनदा विचारत आणि प्रसाद वाटायच्या प्रसंगात खरोखर साखरफुटाणे वाटत. लोक हसून बेजार. विमलाबाई म्हणायची, “दुसऱ्याचं सोंग घेतलं का त्याचा राग धरता येत नाही गा. दोन घंटे तरी नाही.”

मुखवटे करायचे सीतारामभाऊ. कागदाचा लगदा, चिंचोक्यांची खळ, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड. त्यांच्या हातात माणूस उतरायचा. समोरच्याकडे दोनदा पाहिलं की त्याचा हट्ट, त्याची लबाडी, त्याचं पडतं नाक, सगळं बोटांत आलेलं असे. त्यांचा मुलगा गजानन, आम्ही सगळे गजू म्हणायचो, तो लहान असल्यापासून विमलाबाईंच्या नाटकात. त्याला पहिलं वाक्य बोलायला तिनंच शिकवलं होतं.

आणि मी, नलू. तेवीस वर्षांची, कॉर्पोरेशनच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. अभिनय मला जेमतेम यायचा. पण विमलाबाई मला “माह्यी नलू” म्हणायची, आणि ते दोन शब्द ऐकायला मी शाळा सुटल्यावर पळत जायची.

त्या उन्हाळ्यात नळावर भांडण झालं. पाणी दोन दिवस आलं नव्हतं. कोणाची घागर आधी, एवढ्यावरून सुरुवात झाली आणि दुपार कलायच्या आत दगड सुरू झाले. कोणी काय म्हटलं ते आता आठवत नाही. दारं आपटून बंद झाल्याचे आवाज आठवतात, गल्लीत ताणलेलं सूत तुटून धुळीत पडलेलं आठवतं, आणि मग रस्त्यापलीकडे उठलेला धूर. रहमानचाचांचा माग पेटवला होता. मागावर एक लुगडं शेवटच्या हातभर विणकामापर्यंत आलेलं होतं. ते काढायला ते आत गेले. लुगडं निघालं नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले.

विमलाबाईंच्या माडीवरून तो माग दिसायचा. रॉकेलचा डबा घेऊन गेलेली तीन पोरं तिनं पाहिली. त्यातला एक गजू.

दुसऱ्या दिवशी सीतारामभाऊ तिच्याकडे आले. मी तिथंच होते, पडद्याला ठिगळ लावत. ते दारातच उभे राहिले.

“विमल, पोट्ट्याचं नाव नको घेऊ वं.”

“बस आधी.”

“बसत नाही. तुह्या हातचा वाढला तो. डोकं फिरलं होतं त्याचं.”

विमलाबाईंनी शिवणयंत्र थांबवलं. “सीताराम, त्याले घेऊन रहमानच्या घरी जा. तो आपल्या तोंडानं बोलला, तर मले बोलायची गरज नाही. शनिवारी बैठक आहे. चार दिवस आहेत.”

“अन् नाही गेला तर?”

“तर मी पाहिलं ते सांगीन.”

सीतारामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मध्यस्थी करीन. मी सुईत दोरा ओवायला लागले.

चार दिवसांत कोणी गेलं नाही. शनिवारी शाळेच्या पटांगणात शांततेची बैठक झाली. पोलिसांचे साहेब आले होते, दोन्हीकडची मोठी माणसं खुर्च्यांवर. आमच्या पेठेतला एकेक जण उठला आणि म्हणाला, बाहेरची माणसं होती, आमची नव्हती. रहमानचाचा पहिल्या रांगेत, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. मग विमलाबाई उठली. आवाज चढवला नाही. रंगमंचावर चौदा वर्षं काढलेली बाई, तिला शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचवायला ओरडावं लागत नसे.

“बाहेरचे नव्हते. आपले होते. मी पाहिलं.” आणि तिनं तीन नावं घेतली.

पटांगण गप्प झालं. आपल्या माणसानं खरं बोलल्यावर होते ती शांतता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तिच्यात आदर नव्हता.

गजू तुरुंगात गेला. त्याची सोयरीक मोडली. सीतारामभाऊंच्या घरची चूल दोन दिवस पेटली नाही, असं शेजारणी सांगत. आणि रविवारी कडुनिंबाखाली विमलाबाई, रहमानचाचा आणि मी, एवढे तिघंच. पुढच्या रविवारी माझे वडील म्हणाले, “नलू, नोकरी नवी आहे तुझी. लोकांच्या नजरेत कायले येतं?” मी विमलाबाईंना सांगितलं की शाळेत तपासणी आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ताप. ती म्हणाली, “सांभाळ वं, हवा खराब आहे.” आणि माझ्यासाठी काढा पाठवला. मी तो मोरीत ओतला, कारण मला ताप नव्हता.

माणूस एकदम दगा देत नाही. तो आधी तपासणी सांगतो, मग ताप सांगतो. प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आपण फक्त आजचा दिवस टाळतो आहोत.

पोळ्याच्या दोन दिवस आधी शाळेतल्या मुलांसाठी लाकडी नंदी रंगवून हवा होता. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं असे बैल घेऊन घरोघर जातात. सीतारामभाऊंशिवाय रंगवणार कोण? मी गेले. अंगणात ते उकिडवे बसलेले, समोर पालथ्या घागरीवर एक चेहरा वाळत घातलेला.

नागपूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड बायका बांबू-कागदाच्या, आणि त्यांच्यामागे वस्तीवस्तीचे बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षीच्या नकोशा गोष्टीचा पुतळा. रोगराईचा, महागाईचा, लबाड पुढाऱ्याचा. त्याच्या गळ्यात चपलांचा हार घालायचा, “घेऊन जा गे मारबत” म्हणून ओरडायचं, आणि शेवटी नेऊन जाळायचं. बडग्या नेहमी पुरुषाचा असतो.

घागरीवरचा चेहरा बाईचा होता. डावी भुवई किंचित वर. हनुवटीवर देवीचा एक व्रण. रंग अजून दिला नव्हता, नुसता मळकट कागद, तरी ती आता काही बोलेल असं वाटत होतं. सीतारामभाऊंनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

“ओळखलं?” त्यांनी विचारलं.

मी नंदी कुठं ठेवलाय ते शोधायला लागले.

“जाऊन सांगून दे तिले. जा. मी अडवत नाही.” त्यांचे डोळे लाल होते. झोप नसलेले, की रडलेले, कोण जाणे. “सांगशील?”

मी मान हलवली. नाही, अशी.

मला वाटतं, मी सांगावं असं त्यांना वाटत असावं. कोणीतरी त्यांचा हात धरावा, असं. मग त्यांनी नंदी उचलून माझ्या हातात दिला. “शिंगं ओली आहेत. धरू नको.” आणि मी ती ओली शिंगं सांभाळत, जपून, घरी आले.

मधे दोन दिवस होते. पोळा होता. घरात पुरण शिजत होतं. विमलाबाईंचं घर चौथ्या दारावर. मी दोनदा तिच्या ओट्यापर्यंत गेले. एकदा यंत्र चालू होतं म्हणून परतले, एकदा बंद होतं म्हणून. कशाला भीत होते मी? ती रडेल याला? पेठ मला तिच्यासोबत धरेल याला? की सांगितल्यावर मला तिच्या बाजूला उभं राहावं लागेल, याला? हे प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्यांदा विचारले आहेत की आता त्यांचीच सवय झाली आहे. उत्तराची गरज वाटेनाशी झाली आहे.

मारबतीच्या दिवशी सकाळी तिनंच हाक मारली. “नलू, चल वं, मारबत पाहू. घरात बसून बसून सडून राहिली मी.” तिनं हिरवी इरकल नेसली होती, केसांत कण्हेरीचं फूल. चार महिन्यांत पहिल्यांदा ती हौसेनं निघाली होती. मी तिच्यासोबत गेले. अजूनही सांगता आलं असतं. इतवारीच्या तोंडापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागायची. ती आपल्या मंडळीतल्या एका राजाची गोष्ट सांगत होती, ज्याची मिशी भर दरबारात सुटली. मी हसत होते.

गर्दी दाटलेली. ढोल, गुलाल, ओल्या पळसाचा वास, पोरांच्या आरोळ्या. पिवळी मारबत गेली. मागून बडगे यायला लागले. आणि मग आमच्या पेठेची पोरं, खांद्यावर बांबू, बांबूवर ती.

त्यांनी तिला लुगडंही तेच नेसवलं होतं, दोन आयांच्या नाटकातलं. नाटकाच्या कपड्यांच्या पेटीची किल्ली सीतारामभाऊंकडे असायची. गळ्यात चपला. छातीवर पाटी: घरभेदी.

कोणीतरी विमलाबाईंना पाहिलं. “बाई इथंच आहे! बाई आली!” ढोल अडखळले. क्षणभर दोघी समोरासमोर, एक कागदाची आणि एक माणसाची. तिचा हात नकळत हनुवटीवर गेला, त्या व्रणावर. लोक हसले. मग एकानं सुरुवात केली आणि सगळा रस्ता ओरडायला लागला, “घेऊन जा गे मारबत!”

मी तिच्याकडे पाहत होते. ती हलली नाही. पळाली नाही, डोळे मिटले नाहीत. चेहऱ्यावरून चेहरा शोधत जावं तशी तिची नजर फिरली: हा पोरगा अमुक नाटकात सैनिक होता, हा तमुक नाटकात पोपट. पुतळ्याच्या बाजूनं सीतारामभाऊ चालत होते. तिच्यासमोर आल्यावर त्यांनी मान खाली घातली.

“नाक चांगलं जमलं गा, सीताराम,” ती म्हणाली.

त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला गेलं.

परतताना ती माझ्यापुढे चालत होती. घराच्या ओट्याशी थांबली. केसांतलं फूल काढून हातात धरलं होतं.

“नलू, तुले माहीत होतं काय वं?”

“नाही, बाई.”

“मले वाटलंच.” तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तुले माहीत असतं, तर तू सांगतलं असतं.”

दिवाळीनंतर विमलाबाईंनी पेठ सोडली. हुडकेश्वरला गेली. आता तिथं घराला घर लागून आहे. तेव्हा शेतं होती, तुरी-ज्वारीची, आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. तिथल्या मुलींना घेऊन तिनं पुन्हा नाटक मांडलं. सावनेरकडे खाणकामगारांच्या वस्त्यांत, उमरेडच्या बाजारात, जिथं दोन वस्त्यांत ठिणगी पडल्याचं कळे तिथं ती पोरींना घेऊन एसटीनं जायची आणि मधल्या चौकात सतरंजी टाकायची. कुठं लोक नाटक पाहायचे, कुठं सतरंजी उचलून फेकायचे. एका गावात तीन दिवस ती नुसती बसून राहिली, न खाता, दोन्हीकडचे लोक येऊन बोलेपर्यंत. वर्तमानपत्रात छोटीशी बातमी आली होती. मी ती कापून ठेवली. जाऊन भेटले नाही.

रहमानचाचांची बोटं जुळली ती वाकडीच. धोटा पुन्हा धरता आला नाही. पण ते सायकल शिकले, त्या वयात, आणि हुडकेश्वरला जाऊन पुजारी करत राहिले. सीतारामभाऊ गणपती घडवत राहिले. चांगले घडवत राहिले. मला वाटायचं, त्यांचा हात तरी थांबायला हवा होता. हात असे थांबत नाहीत. गजू सुटून आला, त्यानं किराण्याचं दुकान टाकलं, आणि पुढं पेठेतल्या सगळ्या उत्सवांचा तो अध्यक्ष झाला.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढं विमलाबाईंचं नाव झालं. बाहेरगावची माणसं तिला पाहायला यायची. तेव्हा आमच्या पेठेनं तिचा सत्कार ठरवला. ‘आमच्या पेठेची लेक’ असा फलक कमानीवर लागलासुद्धा. बोलावणं घेऊन गेलेल्यांना तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “मले तर तुम्ही तिथं जाळलं ना बापा. आता हार कोणाले घालता?”

ही गोष्ट पेठेत हसत हसत सांगितली गेली. म्हातारीची जीभ अजून तशीच, म्हणून. ती ऐकली आणि मला राहवेना. मी एसटी धरली. माझं लग्न झालं होतं, दोन मुलं होती, मी मुख्याध्यापिका झाले होते. बारा-तेरा वर्षं मी एक शब्द गिळून बसले होते, आणि आता तो ओकून टाकायचा, एवढंच मनात होतं.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे. “अव माय, माह्यी नलू!” तिनं मला ओढून जवळ बसवलं. माझ्या मुलांची नावं विचारली. शाळेत नाटक करवते की नाही, विचारलं. मी तिचं बोलणं मधेच तोडलं.

“बाई, मला माहीत होतं. त्या बडग्याचं. पोळ्याच्या दोन दिवस आधी मी पाहिलं होतं सीतारामभाऊंकडे.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं ती सोलली. दाणे ताटात टाकले. आणखी एक घेतली.

मी रडायला लागले. बोलत राहिले. वडील, नोकरी, भीती, सगळं. संपल्यावर मला फार हलकं वाटलं. इतकं, की त्याचीच लाज वाटली.

“बरं वाटलं तुले?” तिनं विचारलं.

“हो, बाई.”

“मले नाही वाटलं.” ती माझ्याकडे पाहत नव्हती. “त्या दिवसाचं मी सगळं समजून घेतलं होतं वं. सीतारामचा तर पोरगा आत होता. बापाचं काळीज जळते. त्या पोट्ट्यांचं काय, पोट्टेच ते. सगळ्यांले मी एकेक करून सोडून दिलं. कारण तू होती. तेवढी एक माह्यी होती त्या रस्त्यावर.” मग तिनं मान वर केली. “तुह्यं कोण जळून राहिलं होतं, नलू? तुले काय झालं होतं?”

कुंपणाबाहेर मुली तालमीसाठी जमल्या होत्या, आत यायची वाट पाहत. तिनं त्यांना हातानं बोलावलं आणि ताट उचलून आत गेली.

मला वाटलं होतं, राग आहे, ओसरेल. चार महिन्यांनी पुन्हा गेले. घरचे रव्याचे लाडू घेऊन गेले होते. दार उघडंच होतं. ती शिवणयंत्रावर बसलेली. माझी चाहूल लागताच ती उठली, पदर सावरला, आणि भिंतीशी टेकवलेली घडीची खुर्ची माझ्यासाठी उलगडून पुसली.

“या मॅडम,” विमलाबाई म्हणाली. “बसा तुम्ही.”